गोव्यातली गोळी आणि अंबाडीतला पेशंट

आज एक जुना पेपर घेतलाय. २००३ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये आलेला, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा, गोव्यात केलेल्या चाचणीचा. नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटना अँटिडिप्रेसंट गोळी द्यावी का, हा प्रश्न. 'आपल्याकडचा अभ्यास' म्हणून लिटरेचर रिव्ह्यूत तो आजही सर्रास टाकला जातो, आणि बहुतेक वेळा त्यातलं एकच वाक्य उचललं जातं. भारतात सर्वसाधारण दवाखान्यांत स्वस्त अँटिडिप्रेसंट हाच पसंतीचा उपचार असावा, हे ते वाक्य. पेपरचा निष्कर्ष खरोखरच तसा आहे, उचलणाऱ्यांनी काही पदरचं घातलेलं नाही. पण त्या वाक्यामागे काय मोजलंय आणि काय मोजलेलं नाही, हे पाहिल्याशिवाय ते वापरू नका, एवढंच आज सांगायचंय.

सुरू करण्याआधी एक सूचना. तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी ही औषधं घेत असाल तर ही पोस्ट वाचून गोळी बंद करू नका. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. तातडीनं कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मी डॉक्टर नाही, माझं काम आकड्यांचं आहे.

आता चाचणी. गोव्यातल्या सर्वसाधारण रुग्णालयांच्या ओपीडीत आलेले ४५० प्रौढ घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. एका गटाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी म्हणजे प्लासिबो, तिसऱ्याला समुपदेशनासारखे मानसोपचार, जास्तीत जास्त सहा बैठका. गोळ्या जास्तीत जास्त सहा महिने. तपासणी दोन, सहा आणि बारा महिन्यांनी. लक्षणं मोजायला सीआयएसआर ही मुलाखतीची पट्टी, शिवाय उपचाराला लागलेला आणि आजारपणात गेलेला पैसा. दोन महिन्यांनी गोळीचा गट प्लासिबोपेक्षा बरा निघाला. खर्चाच्या हिशेबातही गोळी किफायतशीर ठरली. मानसोपचार मात्र प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाहीत.

चाचणी चांगली आहे, हे आधीच सांगते. आपल्या ओपीडीतले खरे पेशंट, तीन गट, वर्षभर पाठपुरावा आणि खर्चाचा हिशेब, हे सगळं २००३ साली भारतात सोपं नव्हतं. सदोष पेपरवर टीका करणं सोपं असतं. चांगल्या पेपरवर केलेल्या टीकेतून जास्त शिकायला मिळतं.

पहिला मुद्दा काळाचा. लक्षणांतला जो फायदा ठामपणे दाखवलाय तो दोन महिन्यांचा आहे. गोळी सहा महिन्यांपर्यंत दिली. आणि आपल्या आजूबाजूला लोक ती किती काळ घेतात? दोन-दोन, पाच-पाच वर्षं. केसपेपर तोच, 'सेम रिपीट' असं लिहिलेला. म्हणजे फायद्याचा पुरावा आठ आठवड्यांचा आणि वापर वर्षांचा. हे गोव्याच्याच चाचणीचं नाही, जगभरचं दुखणं आहे. २०१८ मध्ये सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या, १,१६,४७७ पेशंट आणि २१ औषधं एकत्र करून विश्लेषण केलं. सगळीच्या सगळी औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली, आणि त्या वर्षी 'वाद मिटला' अशा बातम्याही आल्या. पण त्या विश्लेषणाचा मुख्य आकडाही साधारण आठ आठवड्यांच्या मुक्कामाचाच आहे. सरासरी परिणाम प्रमाणित फरकात सुमारे ०.३०, म्हणजे लहान. आणि ८२ टक्के चाचण्यांत पक्षपाताचा धोका मध्यम किंवा जास्त, असं लेखकांनी स्वतःच नोंदवलंय.

'लहान' हा शब्द नीट घ्या. सरासरी लहान असली म्हणजे प्रत्येकाला थोडा थोडाच फायदा होतो असं नाही. कुणाचं आयुष्य रुळावर येतं, कुणाला काडीचाही फरक पडत नाही, आणि सरासरी मधे कुठेतरी बसते. सरासरीवरून 'गोळ्या फोल आहेत' म्हणणारे आणि सरासरीवरून 'गोळ्या चालतात' म्हणणारे, दोघेही एकाच आकड्याकडून तो देऊ शकत नाही ते मागतात. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो, लक्षात ठेवा.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावरच जरा रेंगाळणार आहे. फायदा आणि धोका तराजूत तोलायचा म्हणतो आपण. पण तराजूच्या दोन पारड्यांत माल एकाच मापानं घातलाय का?

फायदा कसा मोजतात बघा. ठरलेली प्रश्नावली, प्रशिक्षित माणूस, ठरलेला दिवस, प्रत्येक पेशंटला तेच प्रश्न. झोप, भूक, थकवा, उदासी, सगळं खोदून खोदून विचारतात. आणि धोका? बऱ्याच चाचण्यांत पेशंट आपणहून जे सांगेल ते टिपून घेतात. 'काही त्रास?' 'नाही.' संपलं. यानं किती फरक पडतो ते स्पेनमधल्या १९९७ च्या एका अभ्यासात स्पष्ट दिसतं. मोंतेहो-गोन्सालेस आणि सहकाऱ्यांनी याच वर्गातली, म्हणजे एसएसआरआय औषधं घेणारे ३४४ पेशंट पाहिले. लैंगिक त्रासाची तक्रार आपणहून करणारे १४ टक्के. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर ५८ टक्के. औषध तेच, माणसं तीच. बदलला तो फक्त प्रश्न.

आता हे आपल्याकडे आणा. मी अंबाडीत राहते. बाहेरच्यांसाठी सांगते, भिवंडी-वाडा रस्त्यावरचं नाक्याचं गाव, इथून एक रस्ता वज्रेश्वरीकडे जातो. इथल्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर सहा जण बसलेले, दार उघडं, पेशंटसोबत सासू किंवा दीर आत आलेला. अशा खोलीत एखादी पस्तिशीची बाई आपणहून म्हणेल का, की गोळी सुरू केल्यापासून नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही? स्पेनमध्ये चौदा टक्क्यांनी तोंड उघडलं. इथे ती बाई गोळीच सोडून देईल, कुणाला न सांगता, आणि पाठपुराव्याच्या वहीत तिच्या नावापुढे 'आली नाही' एवढंच राहील.

म्हणून पेपर वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीच्या भागात जा आणि शोधा, दुष्परिणाम कसे गोळा केले? प्रश्नावलीनं की ऐकीव? 'दुष्परिणाम सौम्य होते' हे वाक्य दुसऱ्या पद्धतीनं आलं असेल तर त्याचा खरा अर्थ 'सौम्य असल्याचं आमच्या कानावर आलं' एवढाच.

पद्धत चोख असली तरी संख्येची अडचण राहते. समजा गोळीच्या गटात १५० जण आहेत आणि एखादा गंभीर दुष्परिणाम त्यातल्या एकालाही झाला नाही. मग धोका शून्य? संख्याशास्त्रात यासाठी 'तीनचा नियम' आहे. तीनला पेशंटच्या संख्येनं भागा. ३ भागिले १५०, म्हणजे २ टक्के. याचा अर्थ, एकही घटना न दिसूनही खरा धोका शंभरात दोनपर्यंत असू शकतो, ९५ टक्के खात्रीच्या हिशेबानं. फायदा शोधायला दीडशे माणसं पुरतात, दुर्मीळ धोका शोधायला हजारो लागतात. गोव्याची चाचणी फायद्यासाठी बांधलेली होती. तिच्याकडून सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मागणं चूक, आणि ते दिल्यासारखं रिव्ह्यूत लिहिणं तर त्याहून चूक.

धोका मोठ्या संख्येत कसा सापडतो याचं उदाहरण तुमच्याच वयाचं आहे. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं मुलांवरच्या २४ चाचण्या एकत्र केल्या, ४,४०० च्या वर मुलं. आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती गोळीच्या गटात सुमारे ४ टक्के, प्लासिबोत २ टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नाही. सुटी सुटी चाचणी पाहिली असती तर हा फरक आकड्यांच्या गोंगाटात हरवला असता. पाकिटावर ठळक इशारा आला, आणि २००७ मध्ये तो १८ ते २४ वयापर्यंत वाढवला. नेट-सेटच्या तयारीत असलेले तुमच्यापैकी बरेच जण नेमके याच वयाचे. याचा अर्थ या वयात औषध देऊच नये असा नाही. पहिल्या काही आठवड्यांत कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, असा आहे. 'महिन्याभरानं दाखवा' म्हणून पाठवलेल्या मुलावर ते लक्ष कोण ठेवतं? आणि प्रौढांच्या चाचण्यांच्या विश्लेषणात वयानुसार चित्र पालटतं, साठी-पासष्टीपुढे गोळीचा कल उलट संरक्षणाकडे जातो. म्हणजे 'अँटिडिप्रेसंटचा धोका' असा एकच आकडा मुळात नाहीच. वय विचारल्याशिवाय तो सांगता येत नाही.

न छापलेल्या चाचण्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एफडीएकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या तपासल्या. एफडीएच्या मते सकारात्मक होत्या ३८, म्हणजे निम्म्याच. छापील साहित्य वाचणाऱ्याला मात्र ९४ टक्के सकारात्मक दिसायच्या. तुमचा रिव्ह्यू फक्त छापलेल्यावर उभा असेल तर फायद्याचं पारडं आधीच कुणीतरी बोटानं दाबलेलं असतं.

तिसरा मुद्दा तुलनेचा. गोव्याच्या पेपरमधलं दुसरं वाक्यही खूप उद्धृत होतं, की मानसोपचार प्लासिबोपेक्षा सरस नाहीत. पण गोव्याच्याच मातीत २०१७ मध्ये वेगळं काही उगवलं. त्याच विक्रम पटेलांच्या गटानं 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम' नावाची छोटी उपचारपद्धती तपासली. डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञ नाही, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं समुपदेशक म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले मध्यम ते तीव्र नैराश्याचे ४९५ पेशंट. तीन महिन्यांनी आजार उतरल्याचं प्रमाण ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के. वर्षभरानंही फायदा टिकलेला दिसला.

लगेच 'बघा, गोळीपेक्षा बोलणं बरं' असं लिहायला धावू नका. २००३ मध्ये मानसोपचाराची तुलना प्लासिबो गोळीशी होती. म्हणजे समोरच्या गटालाही दर वेळी डॉक्टर भेटत होता, गोळी मिळत होती, आशा मिळत होती. २०१७ मध्ये तुलना होती नेहमीच्या सेवेशी, तीही जरा सुधारलेल्या. प्लासिबो नाही. शिवाय उपचार वेगळा, देणारी माणसं वेगळी, आजाराची तीव्रता वेगळी. २००३ मधले पेशंट नैराश्य आणि चिंता मिळून 'सामान्य मानसिक विकार' या गटातले होते. दोन्ही पेपर आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण त्यांनी एकच प्रश्न विचारलेलाच नाही. 'कशापेक्षा बरं?' हे विचारल्याशिवाय 'बरं' या शब्दाला अर्थ नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावाही गोव्यातलाच आहे, मानस चाचणीचा, २०१०. चोवीस दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. समुपदेशक, गरजेनुसार गोळी, आणि वर मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख असं पॅकेज. सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण सरकारी केंद्रांत ६५.९ विरुद्ध ४२.५ टक्के. खासगीत ६४.१ विरुद्ध ६५.९, म्हणजे काहीच फरक नाही. पॅकेज दोन्हीकडे तेच होतं. खासगी डॉक्टरांचे पेशंट पॅकेजशिवायही तितकेच सुधारत होते. फायदा फक्त औषधात किंवा पॅकेजमध्ये नसतो, ते नसतं तर माणसाला काय मिळालं असतं यावरही तो ठरतो.

मग अंबाडीसाठी यातला कुठला आकडा घ्यायचा? वाटतं, गोवा तर कोकणातच, फार लांब नाही. पण इथे काम भिवंडीच्या लूमवर, गोदामांत, नाहीतर वीटभट्टीवर. भट्टीची माणसं दिवाळीनंतर येतात आणि पाऊस लागायच्या आत गावी जातात. सहा महिन्यांची गोळी आणि बारा महिन्यांचा पाठपुरावा त्यांच्या वर्षात बसतच नाही. जो गट चाचणीत टिकूच शकत नाही, त्याच्याबद्दल चाचणी काही बोलत नाही. राष्ट्रीय पाहणीचीही तीच गत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत असं आलं. हा आकडा महाराष्ट्राचा म्हणून बिनदिक्कत लिहिला जातो. पण ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत ना महाराष्ट्र होता ना गोवा.

अर्थात तो ८५ टक्के आकडा दुसऱ्या बाजूनं महत्त्वाचा आहे. गोळीच्या धोक्यांवर लिहिताना उपचार न मिळण्याचा धोका कुणी मोजत नाही. इथून सरकारी मानसोपचाराचं मोठं ठिकाण म्हणजे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं. तिथे जायचं तर खड्ड्यांचा रस्ता, भिवंडीचा ट्रॅफिक आणि बुडालेली दिवसाची मजुरी. अशा ठिकाणी नाक्यावरच्या डॉक्टरनं लिहिलेली स्वस्त गोळी हाच कित्येकांसाठी एकमेव उपचार असतो. २००३ चा निष्कर्ष असा दूरवरच्या पेशंटचा विचार करूनच लिहिलेला आहे आणि मला तो त्या अर्थानं पटतो.

पटत नाही ते निष्कर्ष ज्या गोळीवर लावला जातो ते. गोव्यात दिलं होतं नुसतं फ्लुओक्सेटिन. आपल्याकडे मेडिकलमधून येणाऱ्या पिशवीत पुष्कळदा एसिटालोप्रॅम आणि क्लोनॅझेपॅम एकाच गोळीत असतात. क्लोनॅझेपॅमनं पहिल्याच रात्री झोप येते, पेशंट खूश, डॉक्टर खूश. अँटिडिप्रेसंटला काम करायला मात्र आठवडे लागतात. मग चौथ्या दिवशी जो 'गुण आला' तो कशाचा? आणि सहा महिन्यांनी गोळी सोडल्यावर जी तडफड होते ती कशाची? क्लोनॅझेपॅमची सवय लागते. तो त्रास अँटिडिप्रेसंटच्या नावावर जातो, किंवा 'आजार उलटला' म्हणून गोळी पुन्हा सुरू होते. गोव्याच्या चाचणीनं या जोडगोळीबद्दल काहीच सिद्ध केलेलं नाही.

गोळी सोडतानाच्या त्रासाबाबतही फ्लुओक्सेटिन वेगळं आहे. ते शरीरातून फार हळू बाहेर पडतं, त्यामुळे अचानक थांबलं तरी उतार आपोआप सावकाश होतो. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन तसं नाही. चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं. २०२४ मध्ये हेन्सलर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र केले. गोळी थांबवल्यावर काही ना काही लक्षणं ३१ टक्क्यांना, प्लासिबो थांबवल्यावरही १७ टक्क्यांना. दोन्ही आकडे सोबत सांगा. फक्त ३१ सांगणारा घाबरवतोय, फक्त फरक काढून 'सुमारे पंधराच' म्हणणाराही अर्धंच सांगतोय, कारण ज्याला त्रास होतो तो खराच असतो, कारण कुठलंही असो.

आणि लूमवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांच्या खिशात वेदनाशामक गोळी असतेच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन. एसएसआरआयसोबत घेतल्यावर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे नीट माहीत असलेलं आहे. पण मानसोपचाराची चिठ्ठी एकीकडे आणि अंगदुखीची गोळी दुसऱ्याच मेडिकलमधून विनाचिठ्ठी. तुम्ही भिवंडीत या विषयावर काम करणार असाल तर 'आणखी कोणती औषधं घेता' या रकान्याखाली थांबू नका. 'अंग दुखल्यावर काय घेता' असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

राहिला प्रश्न गोळी किती काळ घ्यायची. इथे २०२१ ची ब्रिटनमधली अँटलर चाचणी वाचा. दीर्घकाळ गोळी घेणारे आणि आता थांबवायला हरकत नाही असं वाटणारे ४७८ जण. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू प्लासिबोवर आणली. वर्षभरात आजार परतला तो चालू ठेवलेल्यांत ३९ टक्क्यांना, थांबवलेल्यांत ५६ टक्क्यांना. गोळीनं फरक पडतो, नक्कीच. पण थांबवूनही ४४ टक्के ठीक राहिले आणि चालू ठेवूनही ३९ टक्क्यांना आजार परतला. 'सेम रिपीट' लिहिणाऱ्या आणि लिहून घेणाऱ्या दोघांसमोर हे चारही आकडे ठेवले, तर त्या बाकावरची बाई काय निवडेल ते तिचं तिला ठरवता येईल. सध्या तिला विचारलंच जात नाही.

पुढच्या पोस्टमध्ये मानस चाचणीतले चोवीस दवाखाने घेऊ. माणसांऐवजी दवाखान्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या की नमुन्याचा हिशेब कसा बदलतो, हे त्यात सोडवून दाखवीन. कॅल्क्युलेटर घेऊन बसा.